कीबोर्ड बदलण्याआधी दोष कोठे आहे, हे ग्राहकाला लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सरत आला आणि महाविद्यालये उघडण्याचे दिवस जवळ आले की नागपुरातील लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. त्या गर्दीतील एक तक्रार अगदी ओळखीची असते: काही कळा चालत नाहीत, किंवा एखादे अक्षर हात न लावता उमटत राहते. सीताबर्डीच्या गल्लीतील लहान दुकान असो की काचेच्या दाराचे अधिकृत सेवा केंद्र, या तक्रारीवर बहुधा एकच उत्तर मिळते, 'कीबोर्ड बदलावा लागेल.' पुष्कळदा ते उत्तर बरोबर असते, हे मी मान्य करतो. आक्षेप एवढाच की लॅपटॉप काउंटरवर ठेवल्याबरोबर, तो उघडण्याआधी आणि कधी कधी सुरू करून पाहण्याआधीच ते दिले जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीची मुले बिघडलेली यंत्रे माझ्याकडे घेऊन येतात, आणि त्यांतील बऱ्याच यंत्रांना नव्या कीबोर्डची गरज नसते, हे पाहूनच या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

लॅपटॉपच्या कीबोर्डवर साधारण ऐंशी ते शंभर कळा असतात, पण प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. कळांच्या खाली प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांचे तीन थर असतात. त्यांपैकी वरच्या व खालच्या थरावर वाहक शाईच्या रेघा छापलेल्या असतात आणि मधल्या थराला कळांच्या जागी छिद्रे असतात. कळ दाबली की वरची रेघ त्या छिद्रातून खालच्या रेघेला टेकते. या रेघा विजेच्या दृष्टीने ओळी आणि स्तंभ अशा जाळीत जोडलेल्या असतात. मदरबोर्डवरील नियंत्रक एकेका स्तंभाला क्रमाने संकेत देऊन कोणती ओळ त्याला जोडली गेली, हे सतत पाहत असतो. ही सगळी जाळी एका चपट्या रिबन केबलने मदरबोर्डवरील बारीकशा सॉकेटमध्ये बसवलेली असते. एवढी रचना ध्यानात घेतली तर बिघाडाच्या रूपावरूनच त्याचे ठिकाण बरेचसे कळते. एकच कळ रुसली असेल तर दोष बहुधा तिच्याखालीच असतो. तेथे कचरा अडकलेला असतो, कळ तोलून धरणारी प्लॅस्टिकची चौकट निखळलेली असते किंवा रबराची टोपी फाटलेली असते. पाच-सात कळा एकदम गेल्या, आणि त्या एकमेकींना लागून नसून विखुरलेल्या असल्या, तरी घाबरण्याचे कारण नाही. त्या एकाच ओळीच्या किंवा स्तंभाच्या असतात, म्हणजे कोठेतरी एक रेघ तुटली आहे किंवा केबलची एक वाट सॉकेटमध्ये नीट टेकलेली नाही. एक कळ दाबल्यावर दोन अक्षरे उमटत असतील तर दोन रेघांमध्ये ओलावा किंवा क्षार साचल्याची शंका घ्यावी. आणि बॅटरी किंवा पंखा बदलून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळाच कीबोर्ड बंद पडला असेल, तर आधी ती केबल सॉकेटच्या खिट्टीत पूर्ण बसली आहे का, हे पाहायला हवे. त्यासाठी नवा कीबोर्ड लागत नाही.

त्याही आधी दोष यंत्रात आहे की विंडोजमध्ये, हे ठरवावे लागते, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते. लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१०, डिलीट किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबली की बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीचा, पडदा उघडतो. त्या क्षणी विंडोज सुरूच झालेले नसते. त्यामुळे बाण, एंटर, अंक आणि अक्षरे तेथे बिनचूक चालत असतील आणि विंडोजमध्ये चालत नसतील, तर कीबोर्डला दोष देता येत नाही. अक्षरे तपासण्यासाठी पासवर्डच्या रकान्याचा उपयोग होतो, मात्र तेथे टाइप केलेले काहीही जतन न करता बाहेर पडावे, कारण बायोसचा विसरलेला पासवर्ड हे बंद पडलेल्या कळेपेक्षा मोठे संकट आहे. जी कळ अधूनमधूनच चालत नाही, तिची तपासणी यंत्र अर्धा-पाऊण तास वापरून तापल्यावर पुन्हा करावी. दुसरा उपाय म्हणजे विंडोजमधील पडद्यावरचा कीबोर्ड उघडणे. विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबल्यावर किंवा सेटिंग्जमधून माउसने तो उघडता येतो. खरी कळ दाबली की त्यावरील तिचे चित्र उजळते, आणि कंट्रोल, शिफ्ट किंवा आल्ट आतून दाबलेलीच राहिली असेल तर तेही लक्षात येते.

विंडोजमधील काही सोयी तर बिघाडाचे सोंगच घेतात. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की 'फिल्टर कीज' ही सोय सुरू करायची का, अशी विचारणा होते. विचार करताना हात कळेवर ठेवण्याची सवय असलेला माणूस न वाचताच 'हो' म्हणून मोकळा होतो आणि नंतर पटकन दाबून सोडलेली कोणतीच कळ यंत्र मोजत नाही. वेगळा अंकविभाग नसलेल्या काही लॅपटॉपवर नम लॉक चुकून सुरू झाले की यू, आय, ओ या कळांवर ४, ५, ६ आणि जे, के, एल यांवर १, २, ३ उमटू लागतात. आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्याने भाषा बदलते आणि योग्य पासवर्डही चुकीचा ठरतो. यांपैकी काहीच नसेल तर यंत्र 'शट डाउन' करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करून पाहावे, कारण विंडोजची जलद सुरू होण्याची सोय चालू असताना शट डाउन केलेले यंत्र आतली बरीच स्थिती जपून ठेवते. त्यानंतर चार्जर काढून, यंत्र बंद करून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. तेवढ्यानेही न भागल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्डची नोंद काढून टाकावी. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज ती स्वतःच नव्याने घेते. हे करताना माउस जोडलेला असावा, नाहीतर मधल्या वेळेत हातात काहीच उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते, आणि ती दुकानदारांच्या ध्यानीमनीही नसते. दुरुस्तीनंतर कीबोर्ड तपासायचा म्हणजे ए पासून झेडपर्यंत बोटे फिरवायची आणि 'सर्व कळा चालू' असे सांगायचे, अशी रीत पडली आहे. पण इनस्क्रिप्ट या प्रमाणित देवनागरी कळमांडणीत मराठीची अक्षरे त्या सव्वीस कळांच्या बाहेरही पसरलेली आहेत. इंग्रजीत क्वचित लागणाऱ्या अर्धविरामाच्या कळेवर च आणि छ आहेत, तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळेवर ट आणि ठ, चौकोनी कंसाच्या कळेवर ड आणि ढ, आणि तिरप्या रेघेच्या कळेवर य. इंग्रजीपुरता लॅपटॉप वापरणाऱ्याला या कळा बंद पडल्याचे महिनोन्महिने कळणार नाही. मराठीत मात्र 'चटणी' हा शब्दसुद्धा लिहिता येत नाही. डी या कळेवर हलन्त आणि ई या कळेवर काना असल्यामुळे त्या दोन कळांपैकी एक जरी गेली तरी जोडाक्षरे किंवा काना असलेली अक्षरे हातची जातात. संगणक टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेसाठी मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा सराव करणाऱ्या मुलामुलींना याची झळ सर्वांत आधी लागते. लॅपटॉप परत घेताना दुकानातच मराठी मांडणी लावून, शिफ्टसह आणि शिफ्टशिवाय, सर्व कळांवरून एकदा हात फिरवून पाहावा, असे मी सर्वांना आवर्जून सांगतो.

हा बिघाड आपल्या शहरात नेमका याच हंगामात का वाढतो, याचाही विचार व्हावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी खिडकीत कूलर लागतो. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून खोलीत सोडतो, म्हणजे ओलावा आणि गाळून उरलेली बारीक धूळ एकाच झोतातून येते. आणि त्या झोतासमोरच अभ्यासाचे टेबल असते, कारण दुपारी दुसरीकडे कोठे बसवत नाही. सिमेंट रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या धुळीने त्यात भरच घातली आहे. ताट्यांवर पाणी जास्त सुटले की बारीक तुषारही उडतात, आणि त्या जड पाण्यातील क्षारांचा पांढरा थर कूलरच्या जाळीवर जसा दिसतो तसाच थोडाफार कळांच्या खालीही जमत जातो. आर्द्रता वाढल्यावरही जूनमध्ये कूलर चालूच राहतो, तो काळ कीबोर्डला सर्वांत वाईट. टेबल झोताच्या बाजूला सरकवणे आणि काम संपल्यावर लॅपटॉप मिटून ठेवणे एवढ्यानेही फरक पडतो. सफाई करताना यंत्र बंद करून ते तिरपे धरावे व मऊ ब्रशने किंवा दाबलेल्या हवेच्या डब्याने धूळ बाहेर काढावी. चिकटलेल्या कळेभोवती ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावावे. ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी अधिक असते, ती यासाठी घेऊ नये. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट यांच्याखाली बऱ्याचदा तारेचा आधार असतो, म्हणून त्या कळा नखाने उपटण्याच्या भानगडीत पडू नये.

उष्णतेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. अनेक उत्पादक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्याची शिफारस करतात. आपल्याकडे त्या मर्यादेचे दोन महिने काय होते, हे सांगायला नको. जुनी लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते आणि आत वायू धरून फुगते. बॅटरी कीबोर्डच्या किंवा टचपॅडच्या खालीच असल्यामुळे कीबोर्ड मधोमध वर येतो, कळा अडखळतात, टचपॅडचे बटण दबत नाही, झाकण नीट मिटत नाही. अशा लॅपटॉपला नवा कीबोर्ड बसवून देणे म्हणजे दोष आत ठेवून ग्राहकाला घरी पाठवणे होय. तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नये, वर आलेला भाग दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरी टोचू तर मुळीच नये, कारण तिला आग लागू शकते. ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यावी.

सांडलेल्या चहाबद्दल थोडक्यात लिहितो. चार्जर काढावा, पॉवर बटण दाबून धरून यंत्र तत्क्षणी बंद करावे, ते पालथे धरावे आणि पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. तांदळाच्या डब्यात ठेवून साखर निघत नाही; आतून स्वच्छ करण्यासाठी यंत्र उघडावेच लागते. लॅपटॉपशेजारी तर्री-पोह्याची बशी ठेवणारेही आपल्या शहरात काही कमी नाहीत. त्यांना एवढेच सांगतो की तर्रीचे तेल चहासारखे वाळत नाही, ते पापुद्र्यांच्या मध्ये पसरत राहते.

आता दुकानांविषयी. 'कीबोर्ड बदलावा लागेल' या वाक्यामागे दुरुस्ती करणाऱ्याचा लोभच असतो, असे मी म्हणणार नाही. पूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपचा कीबोर्ड वरून दोन-चार स्क्रू काढून सुटा होत असे. आताच्या पातळ यंत्रांत तो वरच्या पॅनलला आतून प्लॅस्टिकच्या असंख्य वितळवलेल्या खिळ्यांनी पक्का केलेला असतो. मदरबोर्ड, पंखा, बॅटरी असे सगळे बाहेर काढल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि पोहोचल्यावर ते खिळे तोडावे लागतात. म्हणून सेवा केंद्र संपूर्ण वरचे पॅनलच बदलण्याचा दर सांगते. एका कळेसाठी अख्खे पॅनल, ही किंमत कंपनीच्या रचनेने ठरवलेली असते, आणि म्हणूनच त्याआधीच्या निदानाला महत्त्व आहे. ॲपलचे उदाहरण जगजाहीर आहे. त्या कंपनीने २०१५ मध्ये मॅकबुकमध्ये आणलेल्या अतिपातळ 'बटरफ्लाय' कीबोर्डमध्ये कळा अडकण्याच्या आणि अक्षरे दोनदा उमटण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की जून २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीपासून ती रचनाच टप्प्याटप्प्याने सोडून द्यावी लागली आणि अमेरिकेतील सामूहिक दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. रचनेतील चुकीची जबाबदारी रचना करणाऱ्यावर येऊ शकते, हे त्यावरून दिसते. पण त्यासाठी दोष रचनेत आहे, हे आधी कोणीतरी तपासून नोंदवावे लागते.

ग्राहकाने दुकानात काय मागावे, हेही लिहितो. दोष कोठे आढळला, केबल काढून पुन्हा बसवून पाहिली का, बायोसमध्ये कळा चालल्या का, एवढे जॉबशीटवर, म्हणजे दुकानाच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रकावर, लिहून घ्यावे. नवा कीबोर्ड त्याच मॉडेलचा आहे का, हे मागच्या चिकटपट्टीवरील पार्ट नंबरवरून पाहावे. एंटरच्या कळेचा आकार आणि कळांखालील दिवे जुळत नसतील तर तो भाग वेगळा आहे. काढलेला जुना भाग परत मागावा. यंत्राचा पासवर्ड देण्याची गरज नसते, कारण कीबोर्डची तपासणी बायोसमध्ये किंवा पाहुण्यासाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात होऊ शकते. तातडीने पैसे खर्च करणे शक्य नसेल तर यूएसबीचा साधा कीबोर्ड जोडून किंवा मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवरटॉइज' या मोफत साधनाने बंद कळेचे काम दुसऱ्या, न लागणाऱ्या कळेला देऊन सत्र निभावता येते. मात्र आतील कळ स्वतःहून अक्षरे उमटवत असेल तर बाहेरचा कीबोर्ड जोडूनही त्रास संपत नाही; तेव्हा तंत्रज्ञाकडून आतली रिबन केबल सोडवून घ्यावी.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि आपल्याकडे बर्डीत किती दुरुस्त्या बिलाशिवाय होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक तक्रारीसाठी उपलब्ध आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचाही समावेश आहे; वस्तू दुरुस्तीला किती सुलभ आहे याचा निर्देशांक ठरवण्यासाठी त्याच विभागाने पुढे समितीही नेमली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीच्या सुलभतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे असा निर्देशांक लॅपटॉपला लागू होईल तेव्हा त्यात कीबोर्ड स्वतंत्रपणे काढता येतो की नाही, याचे गुण वेगळे दाखवावेत, अशी माझी मागणी आहे, कारण बॅटरीप्रमाणेच तोही रोजच्या वापराने झिजणारा भाग आहे.

मात्र दिल्लीच्या निर्णयाची वाट न पाहता नागपुरातही काही करता येईल. शहरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांच्या कार्यशाळांत मल्टिमीटर, भिंगे आणि शिकणारे हात असे सगळे आहे. सत्र सुरू होण्याच्या सुमारास दोन शनिवार तेथे केवळ तपासणीचे शिबिर घ्यावे, दुरुस्ती करू नये, फक्त दोषाचे ठिकाण कागदावर लिहून द्यावे. तो कागद घेऊन ग्राहक त्याला हव्या त्या दुकानात जाईल. इलेक्ट्रॉनिक्स व संगणक व्यवसायाच्या प्रशिक्षणार्थींनाही त्यातून पुस्तकाबाहेरचा सराव मिळेल. आणि जी महाविद्यालये, वाचनालये व शासकीय कार्यालये 'जेम' या शासकीय बाजारपेठेवरून एकगठ्ठा लॅपटॉप घेतात, त्यांनी मागणीपत्रात प्रोसेसर आणि मेमरीबरोबर आणखी एक अट घालावी: कीबोर्ड पॅनल न बदलता बदलता यावा आणि तो भाग हमीची मुदत संपल्यानंतरही ठराविक वर्षे, जाहीर केलेल्या दरात उपलब्ध राहावा.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर